किल्लारी आणि घरातील दुसरी पडझड

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा घरी परतली होती आणि गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती व त्यांवर मातीचे जड माळवद अशी त्या मुलखातील घरांची पूर्वापार बांधणी. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे काही क्षणांत आपल्याच माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार जीव गेले. बावन्न गावे अशी उद्ध्वस्त झाली की ती मूळ जागी पुन्हा वसवणे शक्य नव्हते.

या पहिल्या पडझडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते तिच्यामागून आलेल्या दुसऱ्या पडझडीविषयी. तिचा आवाज झाला नाही, तिची तीव्रता कोणत्याही यंत्राने मोजली नाही. ती घराघरात, संध्याकाळच्या वेळी झाली. तिचे नाव दारू.

निमित्त असे घडले की, अलीकडे एक माउली धर्मग्रामाच्या कार्यालयात येऊन बसली. तिचे कुटुंब भूकंपानंतर त्या भागातून शहरात आलेले. नवरा पत्र्याच्या शेडमध्ये असताना दारूला लागला व त्यातच गेला. आता थोरला मुलगा त्याच वाटेवर. ती म्हणाली, "फादर, लेकराला देवापुढं शपथ घाला. तुमचं ऐकल तो." मी तिला शपथ घालतो असे म्हणालो नाही. का म्हणालो नाही, हे सांगायचे तर थोडा इतिहास उलगडावा लागतो.

पत्र्याची शेड आणि सिमेंटचे गाव

भूकंपाच्या वर्षी मी सेमिनरीत विद्यार्थी होतो. पुढच्या उन्हाळ्यात मदतकार्यासाठी गेलेल्या एका गटाबरोबर मला त्या भागात पाठवण्यात आले. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसवत नसे. पुरुष बाहेर झाडाखाली बसून असत. सरकारी माणूस येणार, यादी लागणार, हप्ता मिळणार, याची वाट पाहणे एवढेच काम उरले होते. ज्याचे बैल ढिगाऱ्याखाली गेले, औते मोडली, बायको-लेकरे गेली, त्याने शेतावर जायचे तरी कोणासाठी?

त्यांतला एक शेतकरी मला आजही आठवतो. त्याची पत्नी व दोन मुले गेली होती. तो भावाच्या कुटुंबासोबत राहत होता. रोज संध्याकाळी पिऊन येई. एकदा मी त्याला तरुण वयाच्या उत्साहात दारूचे दुष्परिणाम समजावू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ब्रदर, डोळा लागला की भिंत पडती बघा. पिलं की पडत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याची म्हातारी आई, बिचाऱ्याला झोप तरी लागू दे म्हणून, स्वतःच पैसे काढून देई. भाऊ घराण्याची अब्रू राखण्यासाठी दुकानातली उधारी गुपचूप फेडी. वहिनी ताट झाकून ठेवी आणि शेजाऱ्यांना सांगे की भाऊजींना बरे नाही. सगळ्यांचेच त्याच्यावर प्रेम होते, आणि त्या प्रेमाच्या आधारानेच त्याची दारू चालू होती.

पुनर्वसनाचे काम मोठे होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात नव्या जागी नवी गावे उभी राहिली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. ही घरे भूकंपाला टिकणारी होती. परंतु रुंद रस्ते आणि सरळ ओळी यांच्या या वसाहतींत जुनी गल्ली, भावकीचा चौक, वाड्याचा ओटा हरवला. जुन्या गावात कोण झिंगत आला हे दहा डोळ्यांना दिसे आणि कोणी वडीलधारा त्याला हटकत असे. नव्या गावात शेजारी कोण येईल हे यादीने ठरवले होते. दुःख, रिकामा वेळ, एकरकमी हाती आलेला पैसा आणि हटकणाऱ्या माणसांचा अभाव, या चार गोष्टी एकत्र आल्या. भूकंपानंतर या भागात पुरुषांचे पिणे वाढल्याचा उल्लेख तेथे काम करणाऱ्यांच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात संशोधकांनी चौकशी केली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश लोकांनी आपले मद्यपान वाढल्याचे सांगितले. अरिष्ट आले की मनुष्य आधार शोधतो, आणि सर्वांत जवळचा, सर्वांत स्वस्त आधार पुष्कळदा बाटलीचा असतो.

मात्र न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की त्याच गावांत हजारो माणसांनी तेच दुःख सोसले आणि दारूला हात लावला नाही. आणि त्याच गावांतील स्त्रिया, ज्या तोवर चारचौघांत बोलत नव्हत्या, त्या पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगाव महिला 'संवाद सहायक' म्हणून काम करू लागल्या. त्यांनी बांधकामाची माहिती घेतली, ग्रामसभेत प्रश्न विचारले, बचत गट उभे केले. घर सावरण्याची ताकद त्या घरातच असते, हा किल्लारीचा दुसरा धडा आहे.

कायद्याने काय साधले

दारूशी मराठवाड्याचा झगडा भूकंपाहून जुना आहे. निजामी राजवटीत शिंदी आणि दारू यांवरील अबकारी हा खजिन्याचा एक मोठा आधार होता. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ज्यांनी मुले घडवली, त्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली १९४७ साली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा सत्याग्रहींनी गावोगाव शिंदीची झाडे तोडली. त्या कुऱ्हाडीचा घाव राजाच्या उत्पन्नावर होता.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे ध्येय राज्यांपुढे ठेवले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व पुढे हा कायदा येथेही लागू झाला. कालांतराने बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक दुकानांची घडी बसवली. भूकंपाच्याच वर्षी, १९९३ मध्ये, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासह अनेकांनी उभारलेल्या लोकचळवळीनंतर गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. २००८ च्या आदेशाने गावातील पंचवीस टक्के महिलांनी मागणी केल्यास मतदान घेऊन 'आडवी बाटली' करण्याचा मार्ग खुला झाला. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद.

या लढ्यांचे मोल मी कमी लेखत नाही. दुकान घरापासून जितके लांब, तितका नव्या मुलाचा पाय तिकडे कमी वळतो. परंतु ज्याच्या शरीराला दारूची गरज जडली आहे, तो पुढच्या गावी जातो. दुकानाला कुलूप लावता येते, तलफेला लावता येत नाही.

शपथेचा इतिहास

आता त्या माउलीच्या शपथेकडे वळू. आपल्या ख्रिस्ती परंपरेत या शपथेला मोठा इतिहास आहे. १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅपुचिन धर्मगुरूंनी मद्यत्यागाची मोहीम सुरू केली. लाखो लोकांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली. पुढे भीषण दुष्काळ आला, माणसे मेली, देशोधडीला लागली आणि त्या लाटेचा जोर ओसरला. अरिष्टापुढे शपथ टिकत नाही, हे किल्लारीच्या दीडशे वर्षे आधी तेथे दिसून आले होते.

फादर मॅथ्यू १८५६ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी डब्लिनमध्ये मॅट टॅल्बट जन्मला. पोरवयातच तो दारूच्या आहारी गेला. १८८४ साली एके दिवशी खिशात पैसे नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. कोणाही सोबत्याने त्याला पाजले नाही. तो घरी आला आणि शपथ घेणार असल्याचे आईला म्हणाला. पाळणार असशील तरच घे, असे तिने सांगितले. त्याने शपथ घेतली ती आयुष्यभराची नव्हे, फक्त तीन महिन्यांची. मग ती वाढवली. पुढे तो खिशात पैसे ठेवीनासा झाला आणि गुत्त्याची वेळ प्रार्थनेला दिली. १९२५ मध्ये तो वारला, तोवर चाळीस वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. १९७५ मध्ये पवित्र सभेने त्याला 'पूजनीय' म्हणून घोषित केले. आपण त्याची शपथ लक्षात ठेवतो. तीन महिन्यांची लहान मुदत, बदललेला दिनक्रम आणि न ओरडणारी आई या गोष्टी मात्र विसरतो.

मीही विसरलो होतो. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाला मी रविवारच्या मिस्सेनंतर, सगळ्या मंडळीसमोर, पवित्र शास्त्रावर हात ठेवून जन्मभराची शपथ घ्यायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपवासकाळ त्याने पाळला. पुनरुत्थानाच्या सणाला नातलगांत बसला आणि शपथ मोडली. त्यानंतर दोन वर्षे तो चर्चची पायरी चढला नाही. पिण्याची लाज होतीच; तिच्यावर देवाला फसवल्याची लाज मी चढवली होती. जेथे त्याला आधार मिळावयाचा, तेच दार मी माझ्या हाताने लावून घेतले. म्हणून हल्ली मी कोणाला अशी शपथ घालत नाही.

पापाकडून आजाराकडे

१० जून १९३५ ही अमेरिकेतील अॅक्रन शहरात 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या सख्यसमूहाची जन्मतारीख मानली जाते. एक शेअरदलाल बिल विल्सन आणि एक शल्यविशारद बॉब स्मिथ, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलून सावरले. त्या काळी दारुड्याला रुग्णालयात खाट मिळत नसे. १९३९ साली अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी अशा एका रुग्णाला पोटाच्या दाहाचे निमित्त नोंदवून दाखल करून घेतले. पुढे त्यांच्या हातून हजारो रुग्णांची सेवा झाली. १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लुईस यांनी पुढाकार घेऊन कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' हा वेगळा समूह उभा केला, कारण पिणाऱ्याइतकेच त्याचे घरही आजारी पडते, हे त्यांनी भोगून जाणले होते. १९५७ मध्ये ही चळवळ मुंबईत पोहोचली.

आपल्या महाराष्ट्रात १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, 'मुक्तांगण' उभारले. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. तेथे रुग्णाबरोबर घरच्यांनाही बोलावले जाते. व्यसन हा आजार आहे, असे म्हणणे म्हणजे माणसाला जबाबदारीतून मोकळे करणे नव्हे. मधुमेह झाला हा दोष नसतो, पण औषध घेणे ही जबाबदारी असतेच.

याच इतिहासात एक सावधगिरीची कथा आहे. १९४८ साली कोपनहेगनमधील संशोधकांनी डायसल्फिराम या औषधाचा उपयोग जगापुढे आणला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर मळमळ, उलट्या, छातीत धडधड होते. रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी ठरते. परंतु 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून भाजी-आमटीत पुड्या कालवण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. त्या पुडीत काय आहे हे ठाऊक नसते. हे औषध असल्यास आणि तो माणूस वर दारू प्यायल्यास जिवावर बेतू शकते. आणि कधीतरी हे उघड झाले, तर घरच्या अन्नावरचाही त्याचा विश्वास उडतो.

घरच्यांनी काय करावे

मग घरच्यांनी करावे तरी काय? १९६० च्या दशकात अमेरिकेतील व्हर्नन जॉन्सन या धर्मोपदेशकांनी, सर्व नातलगांनी एकत्र बसून पिणाऱ्याला आरसा दाखवावा, अशी पद्धत रूढ केली. पुढे न्यू मेक्सिकोतील रॉबर्ट मेयर्स यांनी निराळा मार्ग आखला. पिणाऱ्याला घेरण्याऐवजी घरच्यांनाच शिकवायचे: केव्हा बोलावे, केव्हा बोलू नये, चांगल्या दिवसाला दाद कशी द्यावी, पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत कसे पोहोचू द्यावेत, आणि स्वतःचे आयुष्य कसे सांभाळावे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० कुटुंबीयांमध्ये तीन पद्धतींची तुलना झाली. मेयर्स यांच्या पद्धतीने गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणले. जॉन्सन यांच्या पद्धतीने ३० टक्के, अल-अॅनॉनच्या मार्गाने १३ टक्के. अल-अॅनॉनचा हेतूच मुळी घरच्यांना शांती मिळावी हा आहे, म्हणून त्याला यात हरलेला समजू नये.

या साऱ्यातून आपल्या घरांपुरते जे निष्पन्न होते, ते असे. रात्री, तो प्यालेला असताना, वाद घालू नये. ते बोलणे सकाळी त्याच्या ध्यानात राहत नाही, तुमच्या मात्र वर्षभर राहते. सकाळी, शुद्धीत असताना, थोडक्यात आणि 'मला' या शब्दाने बोलावे: काल रात्री मला भीती वाटली, पोरगी रडत झोपली. दुकानातली उधारी फेडू नये, कामावर खोटा निरोप धाडू नये. पण जेवणाचे ताट आणि मायेचा शब्द बंद करू नये. तो ज्या दिवशी न पिता घरी येईल, त्या दिवशी त्याच्याशी बसून चहा घ्यावा. आपण बहुधा प्यालेल्या दिवशी बोलतो आणि न प्यालेल्या दिवशी गप्प राहतो.

रोज पिणाऱ्याला एकाएकी कोंडून दारू बंद करू नये. पहिल्या दिवसात हातपाय कापतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. लोक म्हणतात दारू सोडली म्हणून मेला. तो मेला डॉक्टर नव्हता म्हणून. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कोणत्याही जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बाकीच्या सदतीस जणांत आपले माणूस नसावे, एवढे तरी आपण पाहू शकतो.

आणि जेथे मारहाण होते, तेथे आधी स्त्रीने व मुलांनी सुरक्षित जागी जावे. सहन करणे म्हणजे क्रूस वाहणे, असा सल्ला आम्ही धर्मगुरूंनी पूर्वी दिला असेल, तर तो चुकीचा होता.

सुधारल्यावर पुन्हा एखादे दिवशी पाय घसरला, तर सारे संपले असे मानू नये. ज्या तरुणाची शपथ मोडली असे मी वर सांगितले, तो पुढे सावरला. ते माझ्यामुळे घडले नाही. त्याच्या धाकट्या बहिणीने हे सगळे हळूहळू शिकून घेतले. एका सकाळी तिने त्याला एवढेच विचारले, "दादा, माझ्यासोबत डॉक्टरकडं येतोस का? मी आत बसते." आधी दोनदा तो नाही म्हणाला होता. तिसऱ्यांदा उठला. उपचारानंतर एकदा घसरला, पुन्हा गेला. आज तो इतरांना घेऊन जातो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. त्याने दूरदेशी मुलाला पैसे पाठवले नाहीत, त्याची देणी फेडली नाहीत. पण घराचे दार लावले नाही, आणि वाटेवरची नजर काढली नाही. मुलगा दूर असतानाच पिता धावत निघाला.

किल्लारीच्या जुन्या भिंती का पडल्या, याचा अभियंत्यांनी शोध घेतला. आतला एक थर आणि बाहेरचा एक थर अशी ती भिंत दुपदरी होती, आणि दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. म्हणून भिंत फुगली आणि फुटली. जी घरे उभी राहिली होती, ती पाडून न टाकता, भिंतींत आरपार सांधे घालून मजबूत करण्यात आली. त्या माउलीला मी हेच सांगितले. शपथेऐवजी तिला डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, आणि त्या दिवशी मीही सोबत येईन असे सांगितले. मुलगा येईल की नाही ठाऊक नाही. मात्र पहिल्या भेटीला ती एकटी गेली तरी चालेल. सांधा कोठून तरी सुरू व्हावा लागतो.